आपो दोलिमायचा बाप्तिस्मा

"ती हो म्हणाली," दोर्कासनं सांगितलं. "ईस्टरला बाप्तिस्मा घेते."

पास्टर नेहेमियासच्या हातातला कॉफीचा कप तसाच राहिला. "दोलिमाय? ती गोंदणारी?"

"तीच."

लुबोग गावात दुसरी गोंदणारी नव्हतीच. दोलिमाय नव्वदीला टेकली होती. सगळं गाव तिला आपो, म्हणजे आजी म्हणायचं. डोंगरमाथ्यावरच्या घरात बसून ती अजूनही लिंबाचा काटा हातोडीनं ठोकत, चुलीच्या काजळीनं लोकांचे हात गोंदायची. आधीचे दोन पास्टर तिला समजवायला वर गेले होते. दोघांनाही तिनं कॉफी पाजून खाली पाठवलं होतं.

"मनांग, तुम्ही केलंत तरी काय?" पास्टर हसला. तो सखल भागातला, तिशीचा. थोरल्या बायकांना इथं मनांग म्हणतात, हे त्यानं आल्याबरोबर उचललं होतं.

"काही नाही. तिचा मुलगा गेल्या वर्षी वारला ना, आपल्याकडचा होता. मेल्यावर त्याला भेटायचंय म्हणते. तो तुमच्या स्वर्गात गेलाय, मग मी दुसऱ्या स्वर्गात जाऊन काय करू, म्हणाली."

"पण तो धंदा सोडायला हवा. चर्चचं पंचमंडळ त्याशिवाय ऐकणार नाही."

"सोडतेय. हातात एक काम घेतलंय, तेवढं पुरं झालं की हातोडी ठेवणार."

"कुणाचं काम?"

"गावातलीच एक बाई आहे. तिला एवढ्यात बोभाटा नकोय."

पास्टरनं कपाळाला आठी घातली. "शास्त्रात स्पष्ट लिहिलंय, अंगावर गोंदू नका. शिवाय पुढं पस्तावा होतो. शहरात लोक पैसे मोजून, यंत्रानं जाळून काढतात. त्या बाईला कुणीतरी सांगा."

"तिला सगळं ठाऊक आहे," दोर्कास म्हणाली.

दोर्कासच्या शब्दाला चर्चमध्ये वजन होतं. अठ्ठावन्न वर्षांची, निवृत्त सुईण, महिला मंडळाची प्रमुख. गावात पहिला बाप्तिस्मा तिच्या बापाचा झाला. ती तेरा वर्षांची झाली आणि मैत्रिणींचे हात गोंदायला घेतले, तेव्हा बापानं तिला उचलून खाली मिशनच्या शाळेत टाकलं. तिचे हात कोरे राहिले. नर्सिंगचं शिक्षण संपलं, त्या समारंभाला आई दोन दिवस चालून आली. खांद्यापासून मनगटापर्यंत गोंदलेली आई. दोर्कासनं तिला मागच्या बाकावर बसायला सांगितलं. आई मागं बसून टाळ्या वाजवत राहिली.

पास्टरशी हे बोलणं झालं ते नाताळात. त्यानंतर दोर्कास दर गुरुवारी सकाळी बायबल काखेत मारून डोंगर चढू लागली. उतरायला संध्याकाळ व्हायची. चेहरा ओढलेला असायचा. एकदा तापानं दोन दिवस अंथरुणाला खिळली. पास्टरनं रविवारी तिच्यासाठी सगळ्यांकडून प्रार्थना करून घेतली. "देवाच्या कामात झिजणं म्हणजे काय, ते मनांगकडून शिका," तो म्हणाला.

वर दोघींचं बरं जमलं होतं. दोर्कास मोठ्यानं वाचायची. आपोची हातोडी टक टक टक चालूच असायची.

"त्या तुझ्या पास्टरला एक विचार," एकदा आपो म्हणाली. "आत्ताच वाचलंस ना, दाढीच्या कडा कापू नका म्हणून? मग त्याचे गाल असे उकडलेल्या अंड्यासारखे कसे गं?"

दोर्कास इतकी हसली की तिला वाचायचं थांबवावं लागलं.

"हलू नकोस. आणि हसू नकोस," आपो म्हणाली. "कामात लक्ष राहत नाही."

"आपो, पस्तावा झाला म्हणून तुझ्याकडं कुणी परत आलं कधी?"

"काढून टाक म्हणत? सत्तर वर्षांत एकही नाही. तेव्हा का नाही केलं म्हणत मात्र येतात." तिनं काटा काजळीत बुडवला. "दमलीस. आज इथंच थांबू."

"नको. सुरू केलेलं पुरं करू."

ईस्टरच्या तीन आठवडे आधी आपोनं हातोडी फडक्यात गुंडाळून आढ्याला खोचली. दोर्कासनं खाली येऊन पास्टरला तसं सांगितलं. पास्टरनं तिचे दोन्ही हात हातात घेतले तशी ती किंचित कळवळली.

"फार थकलात तुम्ही," तो म्हणाला.

"आता बरं वाटतंय," ती म्हणाली, आणि ते खरं होतं.

ईस्टरच्या सकाळी अख्खं चर्च नदीवर लोटलं. पंचमंडळाचे म्हातारे पुढं उभे होते. बायका गात होत्या. आपोला तिच्या नातवांनी खुर्चीत बसवून डोंगरावरून उतरवलं होतं. पास्टर कमरेइतक्या पाण्यात उभा राहिला. आपो काठीवर रेलत पाण्यात शिरली खरी, पण धार जोराची होती. म्हातारी डुगडुगायला लागली.

"मनांग!" पास्टरनं हाक मारली. "त्या बाजूनं धरायला या. यांना इथवर तुम्हीच आणलंत."

दोर्कास पुढं झाली. तिनं अंगातलं जाकीट काढलं, नीट घडी करून खडकावर ठेवलं, आणि नुसत्या बिनबाह्यांच्या झग्यात पाण्यात उतरली.

काठावरचं गाणं एका ओळीच्या मध्येच थांबलं.

तिच्या दोन्ही हातांवर, खांद्यापासून मनगटापर्यंत, काळ्याभोर नेच्याची पानं चढत गेली होती. गोम होती, तांदळाच्या लोंब्या होत्या. नवी, ठसठशीत. आईच्या हातांवर होती तशी, रेघ न् रेघ.

पास्टर त्या हातांकडं बघत राहिला. पंचमंडळाकडं वळूनही न बघता दोर्कासनं आपोच्या पाठीमागं हात घातला आणि तिला घट्ट धरलं.

"बघतोस काय रे?" आपो पास्टरला म्हणाली. "मी शब्द दिला तसा तिनंही दिला होता. तिचं झालं पुरं. आता माझं उरक, पाणी गार आहे."