पोचा आलेली तुळई

पोलादाविषयी दिगंबरशेठ रासन्यांना ठाऊक नाही असं त्रिभुवनात काही उरलं नव्हतं. त्यांचं पोलाद डबे, वाट्या आणि पाण्याची पिंपं यांच्यापुढे कधी गेलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आज कॉलेजच्या प्रयोगशाळेत लेकीची, ऋजुताची, कसोटी होती. यंत्र भूकंपासारखे हिसके देऊन पोलादी तुळई वरखाली हलवणार होतं. तुळई खांबाला जिथे मिळते तो जोड ऋजुताचा होता. तो तडकला की पीएचडी पुन्हा पहिल्यापासून.

यंत्र घुमू लागलं आणि जोडापासून वीतभर अंतरावर तुळईला भला मोठा पोचा आला. शेठनी डोळे मिटून घेतले. पोचा आलेलं भांडं त्यांच्या दुकानात अर्ध्या किमतीलाही कुणी उचलत नसे.

"वाकली! सर, वाकली!" ऋजुता तिच्या मार्गदर्शक सरांपुढे उड्या मारत होती.

"रडू नको बाळा," शेठ म्हणाले, "आपण दुसरी घेऊ."

"बाबा, वाकायचंच होतं तिनं! धक्का तिनं सोसला म्हणून जोडाला तडा नाही. जोड टिकला की इमारत वाकते, पण माणसांच्या अंगावर कोसळत नाही."

यंत्र थांबल्यावर शेठनी जोडावर टिचकी मारून पाहिली. खणखणीत. उभ्या जन्मात पहिल्यांदाच त्यांना पोच्याचा अभिमान वाटला. डोळे पुसत ते सरांकडे वळले.

"साहेब, तुमच्यासाठी डबा आणलाय, त्यावर नाव घालायचं मशीनही आणलंय. पण आधी या तुळईवर पोरीचं नाव घालतो. जवळपास प्लग कुठे आहे, तेवढं सांगा."