सेनापतींचा पहिला घाव

"सुलतान आपल्या चरित्रात स्वतःच्या तोंडानं सांगतोय, मी दहा हजार मूर्ती फोडल्या! आता आणखी कसला पुरावा पाहिजे तुम्हाला?" सेनापतींनी टेबलावर मूठ आपटली.

सुनावणीच्या खोलीत टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणारी सतरा माणसं सेनापतींनीच आणली होती, आणि ती बसली होती त्या खुर्च्याही त्यांच्याच. खुर्च्या भाड्यानं देणं हा त्यांचा धंदा. सेनापती ही पदवी त्यांनी स्वतःच स्वतःला बहाल केली होती. लढाई म्हणाल तर आजवर एकच, खुर्चीचा पाय मोडून परत करणाऱ्यांशी.

वाद जुन्या सराईचा होता. सराईत आता वाचनालय होतं. सेनापतींचं म्हणणं असं की सहाशे वर्षांपूर्वी सुलतानानं इथलं देऊळ पाडून वर सराई बांधली, तर आता सराई पाडा. ती पडली की निवडणुकीचं तिकीट तुमचं, असं पक्षाच्या अध्यक्षांनी त्यांच्या कानात सांगितलं होतं. धर्माचं प्रेम तेव्हापासून जरा जास्तच उतू चाललं होतं.

वाचनालयाचे म्हातारे मास्तर उभे राहिले. "अहो, ते सुलतानानं नाही, त्याच्या पगारी भाटानं लिहिलंय. धन्याला खूश करायला. तेव्हा गावात घरं तीनशे. दहा हजार मूर्ती ठेवायच्या कुठं, उशाला?"

"मास्तर, न केलेल्या पापाची कबुली कुणी देतं का हो?"

पुन्हा टाळ्या. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी दोन्ही बाजूंचे कागद मागितले आणि पुढची तारीख दिली. सेनापतींच्या मेहुण्यानं वीतभर जाडीचा गठ्ठा पुढं सरकवला. त्यात काय काय आहे ते सेनापतींनी पाहिलं नव्हतं. कागद मोजून नाही, तोलून द्यायचे असतात, असं त्यांचं मत.

चार दिवसांनी सकाळी बायको पेपर वाचत होती.

"अहो, ऐकलंत का? तीस वर्षांपूर्वी दर्ग्याची भिंत पाडली होती ना, त्याचा तपास परत सुरू झालाय. भिंतीखाली राखणदार मेला होता म्हणे."

सेनापतींनी हातातला घास परत ताटात ठेवला. मेहुण्यानं लिहिलेलं त्यांचं चरित्र गेल्याच महिन्यात छापून आलं होतं. मुखपृष्ठावर सेनापती, हातात कुदळ. कुदळ शेजाऱ्याची.

"त्या भिंतीचं काही लिहिलंस का रे पुस्तकात?" त्यांनी समोर बसलेल्या मेहुण्याला विचारलं.

"लिहिलंय की, दाजी! पहिला घाव तुमचाच. वाचताना माझ्याच अंगावर काटा आला."

"गाढवा!"

तेवढ्यात दारावरची घंटा वाजली. दारात एक किडकिडीत माणूस. काखेत फाईल, पायात तपकिरी बूट, हातात तेच पुस्तक. पुस्तकात जागोजाग चिठ्ठ्या घातलेल्या. सेनापतींनी बूट पाहिले आणि हा पोलीसच, असं ठरवून खुर्ची पुढं सरकवली.

"या पुस्तकाबद्दल विचारायचं होतं," माणूस म्हणाला.

"बसा ना, साहेब. चहा?"

"नको. पान एक्केचाळीस. 'भिंतीवर पहिला घाव मी घातला.' खरं की खोटं? तसं लिहून घ्यायचंय."

"खोटं! साफ खोटं! हिला विचारा!"

"आमच्या माहेरी गाद्यांच्या ढिगामागं लपून बसले होते," बायको म्हणाली. तीस वर्षं पोटात ठेवलेली गोष्ट सांगायला मिळाल्यावर तिचा चेहरा कसा उजळला होता. "दोन दिवस. जेवणसुद्धा तिथंच नेऊन द्यायचे मी."

माणसानं लिहून घेतलं. "पान सदुसष्ट. 'सभेला दहा हजारांचा जनसागर.'"

"खुर्च्या एकशेवीस होत्या, साहेब. त्यातल्या चाळीस तर उघडल्याच नाहीत. मीच मोजल्यात."

"दाजी," मेहुणा मध्येच म्हणाला, "ते पुस्तक मी तिकडं..."

"तू तोंड उघडू नकोस! तुझ्या लेखणीनं मी फासावर चाललोय!"

"मग हे सगळं छापलंत कशाला?" माणसानं शांतपणे विचारलं.

सेनापतींनी हात जोडले. गळ्याशी आलं की माणसाला अक्कल कशी सुचते ते बघण्यासारखं होतं.

"साहेब, मोठं व्हायचं तर फुगवून लिहून घ्यावं लागतं. जगाची रीतच आहे ती. तो सुलतान घ्या! दहा हजार मूर्ती म्हणे. घरं होती तीनशे! भाटानं ठोकून दिलं, त्यानं ऐकून घेतलं. खरं म्हणाल तर एकही फोडली नसेल. छापलंय म्हणून कुणी शहाणा माणूस खरं मानतो का?"

माणसाचं पेन थांबलं. "हे सुलतानाचंही लिहू?"

"लिहा ना! ठळक लिहा!"

मेहुण्यानं कपाळाला हात लावला. सेनापतींनी लिहून झालेल्या दोन्ही पानांवर सह्या ठोकल्या, आणि कुणी मागितला नसताना शाईत बुडवून अंगठाही उठवला.

"आता मला अटक नाही ना होणार, साहेब?"

"अटक?" माणसानं फाईल बंद केली. "मी सराईच्या सुनावणीतला कारकून आहे हो. तुमच्या बाजूनं पुरावा म्हणून हे पुस्तक आलंय, ते खरं की खोटं हे देणाऱ्याकडून लिहून घ्यावं लागतं. याची एक प्रत आजच मास्तरांना जाईल."