झगा कापायचा नाही

स्टीलच्या टेबलावर एक पांढरा झगा, पांढरे पायमोजे, पांढऱ्या सपाता, बारा टाचण्या, मोजायची टेप आणि एक कात्री होती. कात्री जॅनीलने टॉवेलखाली सरकवली.

"लपवून काय होणार?" ट्विला म्हणाली. "लागणारच आहे."

"मी तिला शब्द दिलाय."

चर्चमधली बाई गेली की तिला शेवटचे कपडे चर्चमधल्याच बायका घालतात. मँटी गावात हे काम तिघींकडे होतं. तिसरी आर्डिथ. ती वर्षापूर्वी मुलाकडे सेंट जॉर्जला राहायला गेली, आणि काल, चोपन्नाव्या वर्षी, तिचं हृदय बंद पडलं. आज दोघी तिचीच वाट बघत होत्या.

दोन वर्षांपूर्वी, याच खोलीत, चर्चमधली मार्वा गेली तेव्हा तिला तिचा झगा बसेना म्हणून त्यांनी तो पाठीतून उभा कापला होता. तेव्हा जॅनील म्हणाली होती, "आर्डिथबाई, तुझ्या वेळी मला झाडं छाटायची कात्री आणावी लागेल हं!"

तिघीही हसल्या. सगळ्यांत जास्त आर्डिथ. नंतर हात धुताना ती म्हणाली, "माझा मात्र कापू नका गं. देवासमोर उघड्या पाठीने नाही जायचं मला."

"शेवटचं कधी बोललीस तिच्याशी?" ट्विलाने विचारलं.

"मंगळवारी. उपवास होता तिचा."

"पुन्हा?"

"कधीही फोन करा, कोणासाठी तरी उपवास असायचाच. आपल्याला महिन्यातल्या एका रविवारचा उपवासही जड जातो. मी चर्चमध्ये उभं राहून सांगितलं ना सगळ्यांना, श्रद्धा असावी तर आर्डिथसारखी."

"सांगितलंस खरं. आणि मी त्याच संध्याकाळी अर्धा केक संपवला."

"अर्धाच?"

दोघींनाही हसू आलं नाही.

जॅनीलने आर्डिथचा झगा उलटा करून शिवणी चाचपल्या. "आधी कडा उसवून बघू. कापायचं अगदीच नाइलाज झाला तर."

दार उघडलं. शवागाराच्या माणसाने स्ट्रेचर आत ढकललं आणि तो बाहेर गेला. ट्विलाने चादर काढली.

जॅनीलने पायाला बांधलेल्या चिठ्ठीवरचं नाव वाचलं.

मग त्यांनी तिला झगा घातला. सगळी बटणं लागली. जॅनीलने दोन्ही बाजूंचं सैल कापड चिमटीत धरलं, ट्विलाने टाचण्या लावल्या. बाराही लागल्या. जॅनीलने कमरेपाशी दुमडलेलं कापड टेपने मोजलं.

एकोणीस इंच.