उंबऱ्यावरचा केर

या बाप्पा, जरा पुढं सरका. टाळ मांडीवर ठेवा. अनसिंगच्या एका घरातल्या केराची गोष्ट सांगतो. गोष्ट केराची, पण देवाच्या दारात सांगावी अशी.

वाशिमच्या दुकानात रंगूबाईनं तिसरं मशीनही परत ढकललं.

"हे तं मांजरीवानी गुरगुरते. आवाजाचं दाखव."

दुकानदार हसला. "आजी, लोक बिनआवाजाचं मागतात."

"लोकायचं लोकायपाशी. मले दारातून आयकू आलं पाह्यजे."

तिचा मुलगा पवन मागं खुशीत उभा होता. सोयाबीनच्या धुळीनं मायचा खोकला वाढला, म्हणून डॉक्टरनं व्हॅक्यूम क्लीनर सुचवलं होतं. पवनला त्यात आपला फायदा दिसला. केर टाकायच्या निमित्तानं बायको उकिरड्यावर जायची, चार बायांशी बोलत उभी राहायची. ते बंद होणार. त्यानं मोठ्या डब्याचं मशीन पुढं ओढलं. रंगूबाईनं मात्र लहान पिशवीचं धरून ठेवलं.

"मोठ्यात केर कुजते. पिशवी रोज खाली झाली पाह्यजे."

सून मंजुषा बाजूला उभी होती. तिला कुणी विचारलं नाही. पण तिला सगळं कळलं. आवाज चालू, म्हणजे सून कामात. आवाज थांबला, की म्हातारीची हाक. बैलाच्या गळ्यात घंटी बांधतात, तशी ही तिच्या गळ्यात बांधली जात होती.

घरही तसंच होतं. पुढच्या खोलीत पवनचं बियाण्यांचं दुकान. रस्त्यावर जायचं तर त्याच्या डोळ्यांसमोरून. मंजुषाचा मोबाइल गल्ल्यात, गल्ल्याची किल्ली पवनच्या खिशात. माहेर धनजला, काही लांब नाही. पण लग्न झाल्यापासून तिनं ते पाहिलं नव्हतं.

मशीन आलं त्याच आठवड्यात पवन माल आणायला मोटारसायकलवर बसला आणि इकडं मंजुषानं बटण दाबलं. रंगूबाई खोकत धावत आली आणि तिनं पिनच उपटली.

"अवं, माणूस आत्ता उंबऱ्याबाहेर पडला, अन् तू मागोमाग केर काढून राह्यली?"

"हे काय झाडू हाये का, आत्याबाई?"

"केर निघते ना? मंग झाडूच. निघालेल्याच्या पावलावर केर काढला, तं ते पावलं परतत नाहीत. मयत उचलल्यावरच काढतात तसा. ध्यानात ठेव."

मंजुषानं ध्यानात ठेवलं. त्यानंतर पवन बाहेर निघाला, की तिचं बोट बटणावर जाई आणि तिथंच थांबे. म्हातारीची नजर तिच्या बोटावर असे.

दर एकादशीला रंगूबाई मशीन उघडायला लावी. फिल्टर धुवायचा, सावलीत वाळवायचा, ओला बसवायचा नाही. ब्रशात गुंतलेले केस कात्रीनं काढायचे. आणि पिशवी रोजच्या रोज. त्याला पवनचाही इलाज नव्हता. मशीन मायच्या पसंतीचं होतं.

एका सकाळी नळीत काहीतरी खडखडलं. रंगूबाईनं नळी उलटी केली. हिरव्या काचेचे तुकडे फरशीवर सांडले. मंजुषानं मनगट पदराखाली घेतलं.

"काच आत गेली तं मशीन बिघडते," रंगूबाई पवनला म्हणाली.

"मंग तिले सांग, उलटं बोलत नोको जाऊ."

"सांगीन."

त्या दिवशी पिशवी झटकायला गेलेली मंजुषा उकिरड्यावर बराच वेळ आभाळाकडं बघत उभी राहिली. हाक आली नाही. म्हातारीचा डोळा लागला असेल, असं तिला वाटलं.

मग तिच्या भावाचा, हरीओमचा, पवनला फोन आला. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे, बहिणीला दोन दिवस पाठवा.

"अन् परत नाही आली तं?" पवननं फोन ठेवत विचारलं.

रंगूबाई जपमाळ ओढत होती. तिनं वर पाहिलं नाही. "मी हाये ना घरात. नाही आली तं तिच्या जागी मले धर."

"तुलेच धरीन, माय. मंग रडू नोको."

स्वयंपाकघरात मंजुषाच्या हातातली पोळी तव्यावर करपली. फोनचं ऐकल्यापासून तिच्या मनात एकच विचार होता: एकदा गेलं, की परत यायचं नाही. म्हातारीनं तेवढी फटही बुजवली. त्या खोकल्यानं वाकलेल्या पाठीवर पवनचा हात पडणार, हे ठाऊक असताना धनजला घास कसा गिळणार? दोन दिवस, आणि परत. जामीन राहून म्हातारीनं तिच्या पायात बेडी घातली होती.

हरीओम ऑटो घेऊन आला. मंजुषा पाया पडली.

"येते, आत्याबाई."

कुणी 'येतो' म्हटलं, की रंगूबाई 'ये बाप्पा' म्हणायचीच, दारच्या भिक्षेकऱ्यालासुद्धा. आज तिनं डोक्यावर नुसता हात ठेवला आणि आत निघून गेली.

"परवा दिस बुडाच्या आत इथं पाह्यजे," पवन म्हणाला.

मंजुषानं मान हलवली. धुळीनं भरलेला उंबरा ओलांडून ती ऑटोत बसली. ऑटो अजून सुरूही झाला नव्हता, तोच घरातून मशीन गरजलं. आवाज दुकान ओलांडून थेट रस्त्यावर आला.

"माय! बंद कर ते!" पवन कानांवर हात ठेवून ओरडला.

रंगूबाईला ऐकू आलं नसावं. नळी ओढत ती उंबऱ्यापर्यंत आली आणि वाकली. मंजुषाचं एक पाऊल तिनं ओढून घेतलं. मग दुसरं. मग मान वर करून तिनं ऑटोकडं पाहिलं आणि सुनेकडं बघत बघतच तिसरं पुसलं.

परवाचा दिवस केव्हाच बुडाला. आरतीला हात जोडाल तेव्हा रंगूबाईचं नाव घ्या, बाप्पा. ती त्याच घरात आहे.