एकविसाव्या मिनिटानंतर

"लाव," गुणाकर म्हणाला. म्हणाला म्हणजे काय, नुसती हवा बाहेर आली. ओठांकडे बघत होता म्हणून वसंताला कळलं.

उद्या सकाळच्या गाडीनं गुणाकर नागपूरला जाणार होता. परवा तिथले डॉक्टर त्याचं स्वरयंत्र कापून काढणार होते. जीव वाचेल का, हे कुणी सांगत नव्हतं. आवाज जाणार, एवढं मात्र सगळे छातीठोक सांगत होते. खैरलांजीच्या शाळेत ज्या गळ्याच्या एका हाकेनं तीन वर्ग चिडीचूप व्हायचे, तो गळा!

आणि आज या बाबाला घोर कसला? तर एका इंग्रजी बँडच्या गाण्याचा.

गाणं चोवीस मिनिटांचं. गोंदियाच्या रेकॉर्डिंगवाल्यानं आठ वर्षांपूर्वी भरून दिलेल्या कॅसेटमध्ये ते एकविसाव्या मिनिटाला तुटायचं, कारण टेपच संपायची. गाणारा कधीचा गप्प झालेला, ऑर्गन आणि गिटार एकमेकांच्या उरावर बसलेले, अन् खट्! पुढं काय होतं, ते अख्ख्या बालाघाट जिल्ह्यात कुणाच्या बापाला ठाऊक नव्हतं. गुणाकर म्हणायचा, शेवटी आवाज परत येतो. वसंता म्हणायचा, काही येत नाही. या बँडचा जीव वाजवण्यात आहे, गाणारा नुसता तोंडी लावायला. आठ वर्षं दोघं यावरून भांडले. पैजही लागली होती. हरेल त्यानं पहिलं कडवं उभं राहून गायचं.

दवाखान्यात खाट मिळवायला मागच्या आठवड्यात वसंताच नागपूरला गेला होता. तिथं एका शौकिनाच्या घरी ती रेकॉर्ड अख्खी सापडली. त्यानं गाणं कॅसेटवर भरून घेतलं आणि भरता भरता ऐकलं. आवाज परत येत नव्हता. शेवटची तीन मिनिटं एकटा ऑर्गन वाजत वाजत विझून गेला. आठ वर्षांची पैज वसंता जिंकला, आणि त्या परक्या घरात त्याला रडू कोसळलं.

घरी आल्यावर त्यानं दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर ठेवले, दारं-खिडक्या लावल्या, आणि भांडं वाजलं तर याद राख, असा बायकोला दम दिला. नव्या कॅसेटवर ऑर्गन विझतो तिथं जुन्या कॅसेटमधलं पहिलं कडवं भरून टाकलं.

तीच कॅसेट आता त्याच्या हातात होती.

"भाऊजी, त्यायले जास्त बोलू नका देऊ," चहा ठेवत प्रेमलता म्हणाली. नवऱ्याच्या पाठीशी उशी सरकवून ती आत गेली. बॅग भरायची राहिली होती.

"पैज ध्यानात हाय ना बे?" गुणाकर फुसफुसला.

"हौ. पन येत नाही तुहा गवई. लिहून घे."

"काहून येनार नाही? एवढं वाजवून ठेवलं ते कोनासाठी? मांडव घातला अन् नवरदेवच नाही, असं होते का कुठं?"

"वाजंत्रीवाल्यायले नवरदेव नसला तरी चालते," वसंता नेहमीसारखा म्हणाला. म्हणताना त्याची जीभ अडखळली.

त्यानं बटण दाबलं. पहिलं कडवं सुरू झालं. गुणाकरनं डोळे मिटले, आणि दुसरी ओळ संपताच सवयीनं खाटेच्या लोखंडी दांडीवर बोट वाजवलं. जुन्या कॅसेटमध्ये तिथं रेकॉर्डवरच्या ओरखड्याची टक् यायची. आज आली नाही.

"साफ हाय बे," तो खुशीत म्हणाला. "टक् नाही वाजली."

अरे देवा! आठ वर्षं ऐकून ऐकून ती टक् वसंताला गाण्याचाच भाग वाटायला लागली होती. जुन्या कॅसेटमधलं कडवं जोडताना ती त्याच्या कानांना जाणवलीच नव्हती. आता गाणं संपल्यावर ती येणार होती.

"राहू दे आज," तो म्हणाला. "थकशील. वापस आल्यावर ऐकू."

गुणाकरनं टेपरेकॉर्डरकडे जाणारा त्याचा हात बाजूला सारला.

एकविसावं मिनिट आलं आणि गेलं. गुणाकर उठून बसला. ऑर्गन एकटा पडला, बारीक होत गेला, संपला. गुणाकरचा चेहरा उतरला. खोलीत नुसती टेपची खरखर उरली. वसंता मान खाली घालून बसला.

आणि आवाज आला.

गुणाकरचं तोंड उघडंच राहिलं. "म्हनलं होतं ना!" तो म्हणाला. डोळे भरून वाहायला लागले. "म्हनलं होतं ना, परत येते!"

पहिली ओळ झाली. दुसरी झाली.

टक्.

गुणाकर हलला नाही. कडवं संपलं, टेप संपली, बटण आपोआप वर आलं, तरी तो डोळे मिटून तसाच बसला होता. वसंतानं गार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला. आता हा शिव्या घालेल, निदान एक तरी घालेल, असं त्याला वाटत होतं.

"हरला तू," गुणाकर म्हणाला. "उभा राह्य. गा."

वसंता उभा राहिला. जन्मात कधी आरतीतही आवाज न काढलेला माणूस. इंग्रजी शब्द अर्धे चुकीचे होते. तो कसाबसा सुरू झाला.

"मोठ्यानं गा बे," गुणाकर म्हणाला. "माह्या वाटचंही आता तुलेच गावं लागन."

वसंता मोठ्यानं गायला. आतल्या खोलीत बॅग भरणारे हात थांबले. पहिली ओळ झाली. दुसरी ओळ संपली आणि त्यानं श्वास घेतला.

डोळे न उघडता गुणाकरनं खाटेच्या दांडीवर बोट वाजवलं. टक्.