चौथी हजेरी

माझा नवरा घरी बसून चाचणीसाठी खोटी उपकरणं लिहितो. दिवा, पंखा, दार. प्रत्यक्षात काहीच नसतं, लॅपटॉपवर नुसती यादी. तिघांचा एक गट आणि प्रत्येकाला एक क्रमांक. मग तो गटाला हाक मारतो आणि एकेकाचं "हजर" ऐकू येतं.

यादीत तिघंच आहेत. "हजर" मात्र चारदा येतं, चौथं कुणा बाईच्या आवाजात.

"चूक असेल, काढून टाक ना," मी म्हटलं.

"राहू दे गं तिला, बिचारी," म्हणत तो हसला. माझ्याकडे बघून असा शेवटचा कधी हसला होता, आठवत नाही. आणि ही म्हणे बिचारी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

दुपारी तो अंघोळीला गेल्यावर मी यादीत चौथा क्रमांक टाकला आणि त्यापुढे माझंच नाव लिहिलं. तिची जागा भरली, आता बस म्हटलं बोंबलत.

त्याने बाहेर येऊन गटाला हाक मारली. दिवा हजर, पंखा हजर, दार हजर. मग चौथं "हजर" आलं, हुबेहूब माझ्या आवाजात.

"अगं, जेवायला वाढतेस ना?" तो लॅपटॉपकडे बघत लाडाने म्हणाला.

मी त्याच्या पाठीमागेच उभी होते. "हो" म्हणायला तोंड उघडलं, पण आवाजच फुटेना.

स्वयंपाकघरात कुणीतरी दोन ताटं मांडली.