तेजलचं सर्वांगीण भलं

नव्या वर्षात जान्हवीने आपल्या सात वर्षांच्या लेकीसाठी, तेजलसाठी, ध्येयं ठरवली. शरीरासाठी स्केटिंग, मनासाठी अबॅकस आणि आत्म्यासाठी श्लोकांचा वर्ग. होळीपर्यंत पोर इतकी कोमेजली, की समुपदेशक बाईंनी जान्हवीला बजावलं, "हिला आधी मोकळं खेळू द्या."

"सुटली बाई एकदाची!" म्हणत सीताराम आजोबा त्याच संध्याकाळी नातीला मुलुंडच्या त्यांच्या बिल्डिंगमागे, बदामाच्या झाडाखाली घेऊन गेले. तिथे पोरांचा चिखलाचा किल्ला चालला होता. तेजल कोपरापर्यंत बरबटली, चिखलाचं बोट आजोबांच्या नाकाला लावून खदखदून हसली. हे हसू घरात ऐकून किती दिवस झाले होते!

तेवढ्यात जान्हवी तरातरा खाली आली. "शी! काय गं हा अवतार? चल, हातपाय धू आधी. आणि बाबा, तुम्ही तरी बघायचं ना!"

"अगं, खेळू दे की. त्या बाईच म्हणाल्या ना?"

"म्हणून तर पवईला क्लास लावलाय. आजच सुरू होतोय, उशीर होईल."

"आता आणखी कसला क्लास?"


"मातीत खेळायचा."